मोझांबिकची तूर आणि आपले हुकूम : वाणिज्यमंत्र्यांस एक अनावृत पत्र

मा. वाणिज्य व उद्योग मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली, यांस,



आपल्या मंत्रालयाच्या दप्तरात प्रतिवर्षी जे शेकडो हुकूम दाखल होतात, त्यांपैकी ५ ऑगस्ट २०१७ रोजी विदेश व्यापार महासंचालनालयाने काढलेला आणि तुरीच्या आयातीस वर्षाकाठी दोन लाख टनांची मर्यादा घालणारा हुकूम आज कोणाच्या स्मरणात असेल असे वाटत नाही. मध्यंतरी मंत्री बदलले, अधिकारी बदलले, २०२१ च्या मे महिन्यात तूर पुन्हा खुली झाली आणि ती खुली ठेवण्याची मुदत त्यानंतर वारंवार वाढवण्यात आली. तेव्हा ही शिळी कढी पुन्हा चुलीवर कशासाठी, असा प्रश्न आपणांस पडल्यास तो वाजवीच म्हणावा लागेल. माझे उत्तर असे की, धनिक राष्ट्रे दरिद्री राष्ट्रांच्या शेतीशी जो व्यवहार करतात त्याविषयी आपण जिनिव्हात, जागतिक व्यापार संघटनेपुढे, गेली कित्येक वर्षे जी फिर्याद मांडतो, आणि रास्तपणे मांडतो, तिच्यातील फिर्यादीच्या जागी मोझांबिकचा शेतकरी आणि प्रतिवादीच्या जागी आपण, अशी अदलाबदल त्या एका हुकुमाने घडवून आणली; आणि ज्या सवयीतून तो हुकूम निघाला, ती सवय हुकूम मागे घेतल्याने सुटलेली नाही.

आधी घरची हकीकत सांगतो, कारण तिच्यावाचून परक्याची हकीकत कळणार नाही. २०१४ आणि २०१५ ही दोन वर्षे मराठवाड्याला लागोपाठ अवर्षणाची गेली. २०१६ च्या एप्रिलात लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे अवघ्या देशाने पाहिले. कापसाच्या व सोयाबीनच्या ओळींत कोरडवाहू जमिनीवर जी तूर उभी राहते, ती अशा वर्षी फुलोऱ्यातच मान टाकते. परिणामी २०१५-१६ साली देशाचे तुरीचे उत्पादन २५.६ लाख टनांवर आले आणि २०१५ च्या दिवाळीच्या सुमारास तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली. शहरांतील गृहिणींचा कोप राज्यकर्त्यांना सर्वांत लवकर ऐकू येतो, आणि तसा तो आला. साठ्यांवर मर्यादा आल्या, गोदामांवर छापे पडले, आणि जगात कोठे तूर पिकवून घेता येईल याचा शोध सुरू झाला. त्या शोधाचे फलित म्हणून ७ जुलै २०१६ रोजी मापुतो येथे, पंतप्रधानांच्या उपस्थितीत, मोझांबिकशी करार झाला: २०१६-१७ साली एक लाख टन, आणि मग पायरीपायरीने वाढवीत २०२०-२१ पर्यंत दोन लाख टन तूर भारत घेईल, आणि तिकडच्या शेतकऱ्यांना बियाणे, अवजारे व शास्त्रीय साहाय्य पुरवून ती पिकवण्यास उत्तेजन देईल. योगायोगाने तेच वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने आंतरराष्ट्रीय कडधान्य वर्ष म्हणून जाहीर केले होते.

करारावरील शाई वाळते न वाळते तोच इकडे पाऊस मनासारखा झाला. आदल्या वर्षीच्या भावाने मोहित होऊन शेतकऱ्याने तुरीचा पेरा वाढवला होता, सरकारनेही त्यास तसे सांगितले होते, आणि २०१६-१७ साली तुरीचे उत्पादन एकदम ४८.७ लाख टनांवर गेले. हमीभाव बोनससह क्विंटलला ५,०५० रुपये जाहीर झालेला असता मोंढ्यात तूर त्याच्या कितीतरी खाली विकली जाऊ लागली. खरेदी केंद्रांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागल्या, केंद्रांवर बारदान संपले, काटे बंद पडले, आणि ज्या शेतकऱ्याने सरकारच्या शब्दावर तूर पेरली, त्याला रात्री मालाच्या राखणीस रांगेत निजावे लागले. कडधान्याच्या निर्यातीवर २००६ पासून असलेली बंदी त्या वेळीही कायम होती, हे आज सांगितले तर नव्या पिढीला खरे वाटणार नाही. घरात पीक मावेनासे झालेले, बाहेर पाठवण्यास मनाई, आणि बंदरांत परदेशी तूर उतरतेच आहे, असा तो त्रिविध प्रकार होता. डॉ. अरविंद सुब्रमण्यम यांच्या समितीने २०१६ च्या सप्टेंबरातच ही निर्यातबंदी व साठ्यांवरील मर्यादा उठवाव्यात अशी शिफारस केली होती. ती अंमलात येण्यास पुढचे वर्ष उजाडले. २०१७ च्या मार्च अखेरीस आयातीवर दहा टक्के जकात बसली, आणि तिचा उपयोग न झाल्याने ऑगस्टमध्ये तो मर्यादेचा हुकूम निघाला.

मी मराठवाड्यातला आहे, तुरीच्या तुराट्या माझ्याही बांधावर रचलेल्या असतात. त्यामुळे त्या ऑगस्टमध्ये आमच्याकडे जे समाधान व्यक्त झाले ते कृत्रिम होते असे मी म्हणणार नाही. उशिरा का होईना, सरकारला जाग आली, अशीच सार्वत्रिक भावना होती. हिंदी महासागराच्या पलीकडे त्याच आठवड्यांत काय चालले होते याची वार्ता आमच्या वर्तमानपत्रांनी दिली नाही, आणि दिली असती तरी आम्ही ती कितपत आस्थेने वाचली असती, याविषयी मला शंका आहे.

मोझांबिकच्या मध्य-उत्तर भागात झांबेझिया आणि नांपुला हे दोन विस्तीर्ण प्रांत आहेत. तेथील बहुतांश शेती एखाद-दीड हेक्टरच्या तुकड्यांवर, बैलाशिवाय, केवळ कुदळीच्या बळावर चालते. रासायनिक खत विकत घेण्याची ऐपत फार थोड्यांची. अशा जमिनीत मक्याच्या ओळींमध्ये तूर लावणे हे शहाणपणाचे आहे, कारण तुरीच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र जमिनीत उतरवतात, तिचा पाला गळून जमिनीस पोत येतो, आणि मका हातचा गेला तरी खोल मुळांची तूर तग धरते. आमच्या बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रातील कोणीही माणूस तेथे गेला तर त्याला ती शेते परकी वाटणार नाहीत. परंतु एक भेद आहे, आणि तोच निर्णायक आहे. आपल्याकडे तूर विकली गेली नाही तर निदान ती भरडून घरात वरण होते. मोझांबिकमध्ये ती खाण्याचा प्रघात मर्यादित, आणि जे विक्रीस निघते ते जवळजवळ सर्वच्या सर्व एकाच गिऱ्हाइकासाठी पिकते. ते गिऱ्हाईक म्हणजे आपण.

ऋतूंचा हिशेब पाहावा म्हणजे त्या हुकुमाचा घाव कोठे बसला ते ध्यानी येईल. विषुववृत्ताच्या दक्षिणेस पावसाळा नोव्हेंबरच्या सुमारास लागतो, तेव्हा तेथे पेरणी होते. तूर जुलै-ऑगस्टपासून काढणीस येते, आणि गावोगाव तराजू घेऊन हिंडणारा छोटा खरेदीदार ती गोळा करून नांपुला व नकाला येथील, बव्हंशी भारतीय वंशाच्या निर्यातदारांच्या वखारीत पोहोचवतो, तेथून ती पेट्यांत भरून न्हावाशेवा व चेन्नईच्या मार्गास लागते. आपली नवी तूर डिसेंबर-जानेवारीत मोंढ्यात येते. म्हणजे ज्या तीन-चार महिन्यांत आपल्या डाळमिलांची चक्रे मालाविना मंदावतात, नेमक्या त्याच काळात आफ्रिकेची तूर बंदरात उतरते. निसर्गाने केलेली ही इतकी सोयीची वाटणी आहे की, लातूर-अकोल्याच्या आडत्यांच्या तोंडी मटवारा, अरुषा, गजरी ही तिकडच्या मालाची नावे आता देशी वाणांइतकी रुळली आहेत. आणि ५ ऑगस्ट म्हणजे काय? पेरणी होऊन आठ-नऊ महिने लोटलेले, पीक काही शेतात कापणीस उभे, काही खळ्यावर, आणि गावचा खरेदीदार घाऊक व्यापाऱ्याच्या निरोपाची वाट पाहत बसलेला. निरोप आला तो दिल्लीच्या हुकुमाचा. आदल्या हंगामात जिच्यासाठी खरेदीदार शेतावर चालत येत, त्या तुरीचा भाव गावपातळीवर इतका कोसळला की कित्येकांना ती कापण्याची मजुरीही परवडेनाशी झाली.

यावर आपले अधिकारी एक उत्तर देतील, आणि ते खोटे नाही: त्या अधिसूचनेत, द्विपक्षीय करारान्वये सरकारने जे आयातीचे दायित्व पत्करले आहे त्यास ही मर्यादा लागू नाही, असे स्पष्ट नमूद होते, सबब मोझांबिकला दिलेला शब्द अक्षरशः पाळला गेला. कागदाच्या न्यायाने भारत निर्दोष सुटतो. परंतु महोदय, करारातील त्या वर्षीच्या सव्वा लाख टनांचा आकडा नांपुलाच्या शेतकऱ्याने वाचलेला नव्हता. त्याने ऐकले होते ते इतकेच की भारताला तूर हवी आहे, भारताचे प्रधान स्वतः येऊन गेले, आता तूर लावा. त्या बोलावण्याला जो प्रतिसाद मिळाला तो कराराच्या आकड्यापुरता कसा थांबेल? बैलाला आसुडाने पुढे रेटावे आणि त्याच क्षणी कासरा मागे ओढावा, तसे हे झाले. शिवाय, अल्पविकसित देशांच्या मालास जकातमाफी देणारी जी योजना आपण २००८ साली दिल्लीतील भारत-आफ्रिका शिखर परिषदेत मोठ्या अभिमानाने जाहीर केली, तिच्यान्वये मोझांबिकची तूर शून्य जकातीने येण्यास पात्र होती, आणि आहे. पण जेथे मालाचे प्रमाणच हुकुमाने बांधले जाते, तेथे जकातमाफीचे मोल काय उरते?

या देशाला भारतीय बाजारपेठेचा हा पहिलाच अनुभव नव्हता, आणि म्हणून काजूची कथा मला येथे थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. काजूचे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणून गोव्यात आणि मोझांबिकात, दोन्ही ठिकाणी रुजवले. १७५२ पर्यंत तर मोझांबिकचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्याच हाताखाली होता, इतका हा शेजार जुना. स्वातंत्र्यापूर्वीच्या काही दशकांत मोझांबिक हा जगातील अग्रगण्य काजू-उत्पादक देश झाला होता आणि बिया फोडून गर काढण्याचे कारखानेही तेथे उभे राहिले होते. १९७५ साली स्वातंत्र्य आले, पाठोपाठ यादवी युद्ध आले, ते १९९२ च्या रोम करारापर्यंत चालले, बागा जुन्या झाल्या, कारखाने खिळखिळे झाले. तशा अवस्थेत, १९९५ च्या सुमारास, जागतिक बँकेने कर्जाच्या अटींत अशी एक अट घातली की कच्च्या बियांच्या निर्यातीवरील कर उतरवावा, म्हणजे कारखान्यांना मिळणारे संरक्षण जाईल आणि शेतकऱ्यास खुल्या बाजाराचा चढा भाव मिळेल. बिया खरेदी करणारा मोठा ग्राहक तेव्हाही भारतच होता. बिया केरळकडे गेल्या, मोझांबिकमधील कारखाने एकामागून एक बंद पडले, आणि हजारो कामगार, त्यांत स्त्रिया पुष्कळ, घरी बसले. शेतकऱ्याचा लाभ म्हणाल तर मॅकमिलन, रॉड्रिक आणि वेल्च या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली त्याचे गणित मांडले: सरासरी काजू-उत्पादक कुटुंबाच्या पदरात वर्षाकाठी पाच डॉलरच्या आसपास पडले. मधला लाभ कोणी नेला हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञाची आवश्यकता नाही. ज्या गावात खरेदीदार एकच आणि विकणारे हजार, तेथे खुल्या बाजाराचा भाव दलालाच्या ओट्यावरच मुक्काम करतो. पुढे मोझांबिकच्या संसदेने निर्यातकर पुन्हा वाढवला, काही छोटे कारखाने नव्याने उभे राहिले; पण गेलेली वर्षे आणि गेलेले कसब परत आले नाही.

काजूच्या बाबतीत दोष जागतिक बँकेचा, असे म्हणून आपण हात झटकू शकतो, आणि अनेक लेखकांनी तसे लिहिलेही आहे. तुरीच्या बाबतीत ती सोय नाही.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे. माझ्याच तालुक्यातील शेतकरी मला विचारतील की, २०२१ साली तूर पुन्हा खुली झाली, २०२५ च्या हंगामात ७,५५० रुपयांच्या हमीभावाखाली आम्हाला तूर विकावी लागली, आणि तू परदेशी तुरीची तरफदारी करतोस? मी दार सताड उघडे ठेवा असे म्हणत नाही. आमच्या कोरडवाहू शेतकऱ्याला मर रोग आहे, वांझ रोग आहे, शेंगा पोखरणारी अळी आहे. त्यात हमीभाव कागदावर राहिला तर त्याने तूर सोडून सोयाबीनकडे वळणे अटळ आहे. माझे म्हणणे निराळे आहे: लातूरच्या आणि झांबेझियाच्या शेतकऱ्याला परस्परांचे वैरी ठरवून आपण जे धोरण चालवतो, त्याने दोघांचेही नुकसान एकाच रीतीने होते, आणि ती रीत म्हणजे पेरणी झाल्यावर नियम बदलणे. २०१६ च्या जूनमध्ये आमच्याकडे पेरणी झाली तेव्हा नऊ महिन्यांनी काटा बंद पडेल हे कोणी सांगितले नव्हते; २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये तिकडे पेरणी झाली तेव्हा नऊ महिन्यांनी मर्यादेचा हुकूम निघेल हेही कोणी सांगितले नव्हते. भाव चढला की आयात खुली, भाव पडला की आयात बंद, आणि दोन्ही निर्णय भाव हलून गेल्यावर: या पद्धतीत ग्राहकाला स्वस्ताई मिळत नाही, शेतकऱ्याला हमी मिळत नाही, आणि ज्याच्याजवळ दिल्लीची बातमी दोन दिवस आधी पोहोचते त्या साठेबाजाची तेवढी चांदी होते.

तिकडील कारभारही निर्मळ आहे असा माझा दावा नाही. २०२३ च्या उत्तरार्धात नकाला बंदरात निर्यातदारांचे आपसांतील तंटे आणि सरकारी अडवणूक यांत तूर अडकून पडली, इकडे भाव चढले, आणि दोन्ही देशांच्या वकिलातींना त्यात लक्ष घालावे लागले. दहा वर्षांच्या व्यवहारात एकदा आपण त्यांना अडवले, एकदा त्यांनी आपणांस. फरक एवढाच की आपल्या ताटात तेव्हा मसूर आणि वाटाणा होता, त्यांच्या शेतकऱ्याच्या हाती दुसरे काही नव्हते.

तेव्हा माझी विनंती तीन-चार साध्या गोष्टींची आहे, आणि त्यांपैकी एकीलाही नव्या तिजोरीची गरज नाही. तुरीच्या आयातीचे धोरण दरवर्षी मुदतवाढीच्या एका ओळीने ठरू नये. ते किमान दोन हंगामांपुरते आधी जाहीर व्हावे, आणि ती जाहीर करण्याची तारीख अशी असावी की मोझांबिकची नोव्हेंबरची आणि आपली जूनची, दोन्ही पेरण्या तिच्यानंतर याव्यात. आयातीला लगाम घालावयाचाच तर तो हमीभावाशी बांधलेल्या चढत्या-उतरत्या जकातीने घालावा, जिचे कोष्टक शेतकऱ्याला आणि व्यापाऱ्याला आधीच ठाऊक असेल. मालाच्या प्रमाणावर अचानक घातलेली बंदी ही जिनिव्हातही टिकत नाही, आणि कॅनडा-ऑस्ट्रेलियाने तेथे त्याविषयी आपणांस वारंवार प्रश्न विचारलेले आपण जाणताच. करारान्वये जी तूर घ्यावयाची, तिच्यापुरता गावपातळीवरील किमान भाव करारातच नमूद असावा आणि ती खरेदी केंद्राच्या राखीव साठ्यासाठी व्हावी, म्हणजे आपल्या मोंढ्यात आवक असताना ती बाजारात ओतली जाणार नाही. आणि जी डाळ तिकडेच भरडली जाऊ शकते, ती काही प्रमाणात तिकडेच भरडली जाऊ द्यावी. लातूरचे डाळमिलवाले याने नाराज होतील हे मी जाणतो. पण काजूच्या कारखान्यांचे जे झाले ते पाहिल्यावर, दरिद्री देशाने कच्चा मालच विकावा आणि त्याचे चीज मात्र दुसरीकडे व्हावे, या नियमाचे समर्थन मॅंचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडातून रुई धाडलेल्या प्रांताच्या रहिवाशाने तरी करू नये.

राहिला तो एक प्रश्न, जो आपल्याच सरकारने उत्पन्न केला आहे. कडधान्यांत आत्मनिर्भर होण्याचे अभियान २०२५ साली मंजूर झाले. तूर, उडीद व मसूर यांवर भर, ११,४४० कोटी रुपयांची तरतूद, आणि २०३०-३१ पर्यंत एकूण कडधान्यांचे ३५० लाख टन उत्पादन असे उद्दिष्ट. ते सफळ व्हावे अशी माझी मनःपूर्वक इच्छा आहे, आणि माझ्या शेतापुरता मी हातभारही लावीन. पण मोझांबिकशी २०२१ साली ज्या पाच वर्षांसाठी वार्षिक दोन लाख टनांचा करार पुढे चालू केला, ती मुदत २०२५-२६ अखेरची. मलावीशी केलेल्या ५० हजार टनांच्या कराराची मुदतही तीच. यापुढचा कोणताही मसुदा आपल्या मेजावर येईल तेव्हा त्यात या अभियानाचा उल्लेख असेल काय? आपण सहा वर्षांनी ज्याचा माल घेणार नाही, किंवा निम्मा घेणार आहोत, त्याला ते आजच सांगणे शक्य आहे, कारण आकडे आपल्याजवळ आहेत. आणि सहा वर्षांत तो शेतकरी तीळ लावील, सोयाबीन लावील, किंवा तूर खाणारी दुसरी गिऱ्हाइके त्याचे सरकार शोधील. जे कळवायचे ते नोव्हेंबरच्या आधी कळवावे, पोर्तुगीज भाषेत कळवावे, आणि मापुतोच्या मंत्रालयापाशी न थांबता नांपुला व झांबेझियातील केलिमाने येथील आकाशवाणीवरून गावापर्यंत पोहोचेल अशी तजवीज आपल्या वकिलातीने करावी; तसेच त्या निवेदनाची मराठी प्रत, जूनच्या आधी, आमच्या बाजार समितीच्या फलकावरही लागावी.



आपला,
मराठवाड्यातील एक तूर-उत्पादक